यंत्राचे उत्तर आणि आपला अंदाज



बीड जिल्ह्यातील निरनिराळ्या शाळांतून मुले आमच्याकडे अकरावीला येतात. कॅल्क्युलेटरवर आलेली दहा आकडी संख्या ती बिनदिक्कत वहीत उतरवतात. ती बरोबर असेल का, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. माझ्या मते शाळेतील संगणकाच्या तासाने हा प्रश्न विचारायला शिकवले पाहिजे. आणि त्यासाठी रंगीत चित्रांपेक्षा कमांड लाइनचा काळा पडदा अधिक उपयोगी आहे.

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त एक गणित घातले. शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधे अदलाबदल करून धरली, तर मूर्तीचे प्रकार किती? (परळी वैजनाथच्या मुलांना हे खास आवडावे!) १ पासून १० पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार करा: ३६,२८,८००.

संख्या घेऊन असा गुणाकार करून देणारे फलन वेबअसेम्ब्लीत लिहिता येते. ही संगणकासाठी ठरवलेली आज्ञांची आटोपशीर भाषा २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत चालते. पण ब्राउझर हवाच असे नाही. वॉझमटाइम हा विनामूल्य प्रोग्राम एकदा संगणकावर घेतला की इंटरनेटही लागत नाही. प्रोग्रामचे, फलनाचे व फाइलचे नाव लिहायचे, शेवटी संख्या द्यायची आणि एन्टर दाबायचे. खाली उत्तर हजर.

१० द्या, भास्कराचार्यांचेच उत्तर येते. १२ द्या: ४७,९०,०१,६००. आता १३ द्या. पडद्यावर १,९३,२०,५३,५०४ एवढी संख्या उमटते. यंत्र कुरकुरत नाही. पण जरा थांबा. या गुणाकारात २ आणि ५ आहेत, मग शेवटी शून्य हवे. येथे ४ कसा? मागच्या उत्तराची तेरापट तरी कुठे झाली? खरे उत्तर आहे ६,२२,७०,२०,८००.

घडले ते असे. फलनात ३२ बिटांचे पूर्णांक घेतले होते. त्यांत ४,२९,४९,६७,२९६ निरनिराळ्या किमतीच मावतात. पुढे मोटारीच्या मीटरसारखे आकडे पुन्हा फिरून येतात. खऱ्या उत्तरातून ही संख्या वजा करून पाहा, पडद्यावरचा आकडा मिळेल.

हे परीक्षेत येत नाही, असे काही शिक्षक म्हणतील. खरे आहे. पण एन्टर दाबण्याआधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा, या सवयीसाठी साऱ्या वर्गाला एक संगणक पुरतो.

६४ बिटांचे पूर्णांक घेतले तर २० पर्यंतची उत्तरे बरोबर येतात. २१ ला काय येईल? आधी वहीत लिहा.