‘शक्य तेथवर’

छत्रपति शाहू महाराजांनीं १९१९ सालीं स्त्रियांस क्रूरपणें वागविण्याविरुद्ध कायदा केला. तशा अर्थाचें कलम देशाच्या दंडसंहितेंत यावयास १९८३ साल उजाडलें. कोल्हापूरकरांस याचा अभिमान आहे, व तो सार्थहि आहे. परंतु पूर्वजांच्या पुण्याईवर कोणाची चूल पेटत नाहीं.

कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ सालचा. सलोखा आणि त्वरित निकाल हें त्याचें ब्रीद. पुढें २००१ सालीं, अंतरिम पोटगीचा अर्ज ६० दिवसांत निकालांत काढावा, अशी दुरुस्ती फौजदारी संहितेंत झाली, आणि २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमांतहि ती कायम आहे. वाचकांनीं तें कलम मात्र शेवटपर्यंत वाचावें. ‘शक्य तेथवर’ असे दोन शब्द त्यांत बसविलेले आहेत; शिवाय हे दिवस मोजावयाचे ते अर्ज दिल्यापासून नव्हेत, तर नोटीस बजावल्यापासून! नवरा घराला कुलूप लावून पुण्यास गेला कीं नोटीस परत येते, आणि साठांतला पहिला दिवसच उगवत नाहीं. मूल कडेवर घेऊन एस्टीनें आलेली बाई पुढली तारीख घेऊन परत जाते. दूधवाला कांहीं ‘शक्य तेथवर’ थांबत नाहीं.

पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं सांगितलें, हें खरें. पण गेल्या वर्षीची भूक यंदाच्या थकबाकीनें कशी भागावी?

घाई केल्यास समेट बिघडतो, असें कित्येक सज्जन म्हणतात. उपाशी पोटीं केलेला समेट ही शरणागति होय. खोट्या अर्जांची भीति घालणारांस इतकेंच सांगावयाचें कीं, उभयतांनीं मिळकतीचीं प्रतिज्ञापत्रें द्यावीं, असा त्याच निकालाचा दंडक आहे. निरपराध नवऱ्यासहि लवकर निकालच हवा. तेव्हां ते दोन शब्द काढून टाकावे, दिवस अर्जापासून मोजावे, आणि नोटीस चुकविणाराविरुद्ध एकतर्फी सुनावणीची जी मुभा आजहि आहे ती निःसंकोच वापरावी.

उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच येथें यावें म्हणून कोल्हापूरच्या वकीलवर्गानें वर्षानुवर्षें लढा दिला, व १८ ऑगस्ट २०२५ पासून तें सुरू झालें. गरीब पक्षकारास मुंबई परवडत नाहीं, हाच ना तेव्हांचा युक्तिवाद? आतां त्याच मंडळींनीं, साठ दिवस उलटलेल्या अंतरिम अर्जांची संख्या कौटुंबिक न्यायालयाच्या फलकावर दरमहा लागावी, अशी मागणी करावी. पहिला आंकडा केव्हां लागतो, याची आम्ही वाट पाहात आहों.