दिवस जाण्याआधीचे दिवस

बुऱ्हाणपूरहून तापी ओलांडली की जैनाबाद लागते. १६३१ साली मुमताजमहल बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात वारली, तेव्हा तिला प्रथम पुरले ते इथल्या आहूखान्यात. ताजमहाल नंतरचा. बादशहाच्या बेगमेलाही सुखरूप बाळंतपणाची हमी नव्हती!

आज बरेच काही आपल्या हाती आहे, फक्त ते वेळेवर कळायला हवे. मधुमेह असलेल्या मुलींचेच पाहा. इन्सुलिन माणसाला प्रथम दिले गेले १९२२ साली. त्याआधी लहानपणीच मधुमेह जडलेल्या मुलीने आई होणे जवळपास अशक्य होते. आता ती आई होऊ शकते, पण तयारी आधीपासून हवी.

आपण म्हणतो, 'तिला दिवस गेलेत.' गर्भाचे हृदय, मेंदू, मणका पहिल्या आठ आठवड्यांत आकार घेतात. पाळी चुकून सासर-माहेरी बातमी पोचेतो त्यातले बरेच दिवस खरोखरच गेलेले असतात. त्या काळात आईची साखर वाढलेली असेल तर गर्भपाताचा आणि बाळात व्यंग राहण्याचा धोका वाढतो.

म्हणून मूल हवे असे ठरले की काही महिने आधीच डॉक्टरांकडे जावे. एचबीएवनसी ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखरेची सरासरी सांगते. साखर एकदम खाली न जाता हा आकडा ६.५ टक्क्यांच्या आत आला तर उत्तम. १० च्या वर असेल तर थोडे थांबावे. डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड तपासून घ्यावे. रक्तदाबाच्या व कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या गर्भाला चालत नाहीत, त्या डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात. मनाने मात्र काहीच बंद करू नये. फॉलिक ॲसिड किती व केव्हापासून घ्यायचे, तेही विचारावे.

आपल्या घरांत आजी 'सक्करे कायिले' म्हणते, सून 'शुगर' म्हणते आणि रिपोर्ट असतो इंग्रजीत. तो समजेल त्या भाषेत सांगा, असे डॉक्टरांना म्हणण्यात संकोच कसला?

खरी अडचण वेगळीच आहे. लग्न जमवताना मुलीचे इन्सुलिन लपवले जाते. सासरी जिला सुई चोरून टोचावी लागते, ती ही तयारी कुणाच्या आधाराने करणार? पत्रिकेतले गुण जुळवताना ही गोष्टही मोकळेपणाने सांगितली, ऐकली आणि स्वीकारली, तर तयारी तिथूनच सुरू होईल.