गर्द तपकिरी भिंतीची पैरवी

शहरातील सदनिकेचा ताबा देताना तिच्या भिंतींवर जो एक फिकट, ना धड पांढरा ना धड पिवळा असा रंग फासलेला असतो, तो बांधणाऱ्याच्या जमाखर्चाच्या सोयीने आलेला असूनही कालांतराने सुरुचीचा शिरस्ता होऊन बसला आहे. आणि म्हणूनच एखाद्या गृहस्थाने बैठकीच्या खोलीस मातीसारखा गर्द तपकिरी रंग देण्याचा मानस बोलून दाखवला, की खोली अंधारी व लहान दिसेल ही हरकत रंगाऱ्यापासून मेहुण्यापर्यंत सर्वांकडून तत्काळ दाखल होते. हरकत निराधार नाही, कारण गर्द रंग प्रकाश गिळतो हे खरेच. परंतु समोरच्या इमारतीने जिचे आकाशच हिरावून घेतले आहे, त्या खोलीला पांढऱ्या रंगाने उजेड येत नाही, केवळ एक करडी उदासी येते. तिने आपला काळोख प्रांजळपणे पत्करावा, हेच मला अधिक प्रशस्त वाटते.

मात्र या रंगाची प्रकृती जाणून घेतली पाहिजे. इंद्रधनुष्यात तपकिरी कोठेच नाही. नारिंगी प्रकाश भोवतालच्या उजेडाच्या मानाने मंद झाला, म्हणजे आपली दृष्टी त्यास तपकिरी ठरवते, आणि त्यामुळे शेजारी काही उजळ असल्यावाचून या रंगाचे अस्तित्वच सिद्ध होत नाही. डहाणू-तलासरीकडील वारली स्त्रिया कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर गेरू फिरवून तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात, किंवा कोकण-गोव्यातील काही देवळांत चुन्याच्या गिलाव्यावरचा कावेचा थर ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून खालची शुभ्रता उघडी केलेली दिसते, तेव्हा हेच शास्त्र कोणत्याही ग्रंथावाचून आचरणात उतरलेले असते. तेव्हा छत, चौकटी व खिडक्यांचे पाखे पांढरे ठेवून चारही भिंती निःशंकपणे तपकिरी कराव्यात. एकच भिंत रंगवून बाकीच्या तीन फिकट ठेवण्याची जी तडजोड हल्ली लोकप्रिय आहे, ती मला भित्रेपणाची वाटते. त्या एकाकी भिंतीकडे पाहुण्यांचे लक्ष जाते खरे, पण खोलीचा स्वभाव बदलत नाही.

रंग चकाकी नसलेलाच घ्यावा, कारण चकाकणारा तपकिरी प्रत्येक दिव्याचा ठिपका परत फेकतो व गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा चव्हाट्यावर आणतो. दिव्यांची तजवीज तर रंगाआधीच व्हावी: आपल्या घरांत सर्रास लावला जाणारा 6500 केल्विनचा निळसर दिवा या रंगातील ऊब शोषून त्याचा चिखल करतो, आणि तीच भिंत 2700 केल्विनच्या पिवळसर प्रकाशात सागवानी तुळईच्या नात्याची भासू लागते. लोहयुक्त मातीच्या रंगद्रव्यांचा एक गुण असा, की ती उन्हाने सहसा विटत नाहीत. परंतु पावसाळ्यात ज्या भिंतीला ओल येते, तिच्यावर क्षारांचे पांढरे चट्टे याच रंगात सर्वांत निर्लज्जपणे उठून दिसतात, म्हणून गळतीचा इलाज आधी आणि हौस मागाहून. भाडेकरूने मात्र घरमालकाची लेखी परवानगी घ्यावी, कारण घर सोडताना गर्द भिंत पुन्हा फिकट करण्यास अस्तराचा एक हात व त्यावर रंगाचे दोन-तीन हात लागतात, आणि तो खर्च बहुधा अनामत रकमेतूनच वळता होतो.