खेळात राजकारण आणलं कुणी?

"खेळाडूनं खेळावं, राजकारण करू नये." हे बोलणारा नेहमी सावलीत बसलेला असतो. आमच्या अंबरनाथ पश्चिमेला विमको नाक्यावर चहा पितानाही मी हेच ऐकतो, अन् टीव्हीवरच्या कोटवाल्या विद्वानांकडूनही हेच. तेव्हा दोस्तहो, एकदा हिशेब मांडूच.

मुंबईत युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान अशा धर्माच्या टीमा पाडून क्रिकेट चालायचं. त्याला खेळ म्हणत. चांभाराच्या घरात जन्मलेले पालवणकर बाळू हिंदूंना मॅचेस जिंकून द्यायचे, आणि पुण्यात त्यांना चहा मिळायचा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. बाळूच्या हातचा बॉल चालायचा, बाळूच्या ओठाचा कप चालत नव्हता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या माणसानं शंभराच्या वर विकेटी काढल्या. तरी हिंदूंचं कप्तानपद त्यांना कधी दिलं नाही. हे राजकारण नव्हतं म्हणे!

१९२० साली बाळूंना वगळलं आणि विठ्ठलला डावलून कप्तानपद देवधरांना दिलं. तेव्हा विठ्ठल अन् शिवराम या दोघा भावांनी खेळायलाच नकार दिला. का खेळत नाही ते वर्तमानपत्रातून जाहीर सांगितलं. 'मूकनायक' निघालं तेच हे वर्ष. महाडचं तळं अजून सात वर्षं लांब होतं. परिणाम? त्याच स्पर्धेत बाळूंना परत बोलावून उपकप्तान करावं लागलं. १९२३ ला विठ्ठल कप्तान झाला. गयावया करून नव्हे, बॅट खाली ठेवून.

आता आपल्या पोरांशी बोलतो. बाळूंचं नाव काढलं की काहीजण नाक मुरडतात. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, पडले. ते चुकलेच. पण १९३७ चं बोट दाखवून १९२० चा नकार पुसायचा कशाला? खरं सांगा, राग काँग्रेसचा आहे की मधे पोटजात आडवी येते? तसं असेल तर मनूची भिंत आपणच शेणानं सारवतोय.

१९६८ ला मेक्सिकोत टॉमी स्मिथ, जॉन कार्लोस यांनी काळ्या मोज्यातली मूठ उगारली, त्यांना ऑलिंपिकमधून हाकललं. २०१६ ला केपरनिकनं राष्ट्रगीताला गुडघा टेकला, पुढं त्याला कुठल्या टीमनं घेतलं नाही. निषेधाला किंमत असते ती अशी. भारतीय टीमनंही ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत काळ्यांसाठी गुडघा टेकला. चांगलं केलं. पण त्याच ऑगस्टात भारत हॉकीची सेमीफायनल हरला आणि वंदना कटारियाच्या घरापुढं फटाके फुटले, जातीवरून शिव्या दिल्याची तक्रार झाली. तिच्यासाठी क्रिकेटवाल्यांचा कुणाचा गुडघा वाकला? अमेरिकेतला वर्णद्वेष दिसतो, हरिद्वारची जात दिसत नाही. एवढी लांबची नजर!

आणि गंमत बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसलेले असताना तेंडुलकरांसकट बडे क्रिकेटवीर सरकारच्या सुरात ट्विट करते झाले. आमच्या नाक्यावरच्या विद्वानांना त्यात राजकारण दिसलं नाही. २०२३ ला महिला कुस्तीगीर छळाविरुद्ध जंतरमंतरवर बसल्या, २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना फरफटत नेलं, तेव्हा मात्र लगेच, "पोरींनी खेळावं, राजकारण कशाला?" म्हणजे सत्तेला होकार दिला की देशभक्ती, सत्तेला जाब विचारला की राजकारण. असा यांचा नियम.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मोठ्या खेळाडूंची वाट बघत बसू नका. आपल्या वस्त्यांतली पोरं दर रविवारी टेनिसबॉलच्या मॅचेस खेळतात. मैदानात जातीवरून शिवी आली, तर ज्याला आली त्यानं एकट्यानं भांडायचं नाही. अकराच्या अकरा बाहेर. बक्षिसाची ढाल गेली तर जाऊ दे. आणि का बाहेर पडलो ते कागदावर लिहून, अकरा सह्या ठोकून, नाक्यावर चिकटवायचं. पालवणकरांनी एवढंच केलं होतं.

जयभीम!