बॉनेटचे लॉक आणि शिलाईतली माया

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या माणसाने मोटारीच्या बॉनेटच्या लॉकवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या घराघरांतली मुले आज मागाचा खडखडाट सोडून प्रेस, लेथ आणि वेल्डिंगकडे वळली आहेत. वाळूज, चाकण, भोसरी, अंबड अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास छोट्या शेडमध्ये ती जॉबवर्कवर मोटारीचे सुटे भाग करतात. आपला तुकडा गाडीत नेमका कुठे बसतो, हे त्यांतल्या बहुतेकांनी पाहिलेलेही नसते. हातात एक ड्रॉइंग येते, त्यावर माप आणि मापापुढे अधिक-उणे लिहिलेले असते. त्यात बसले तर बिल, नाही बसले तर माल परत. या परत आलेल्या मालाचा सगळा दोष आपण कारागिराच्या हातावर टाकतो. आमच्या मते अर्धे भांडण हाताचे नसून ड्रॉइंगचे असते. बॉनेटच्या लॉकइतके हे दुसऱ्या कशात स्वच्छ दिसत नाही, म्हणून हा विषय घेतला.

लॉकची रचना साधी आहे. बॉनेटच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूने, सळईची एक यू आकाराची कडी असते. खाली रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर लॉक असते. त्यात मधोमध फट असलेली एक फिरकी असते. बॉनेट खाली दाबले की कडी फटीत शिरते, फिरकी फिरून तिला कवेत घेते आणि शेजारचा दात स्प्रिंगच्या जोराने फिरकीच्या खाचेत बसतो. ड्रायव्हरने आतून केबल ओढली की दात सुटतो. तरी बॉनेट पूर्ण उघडत नाही. एक दुसरा आकडा त्याला अर्धवट धरून ठेवतो, तो बोटाने सरकवावा लागतो.

आता अडचण पाहा. कडी बॉनेटवर, लॉक बॉडीवर, आणि बॉनेटची बिजागरी पार मागे काचेजवळ. म्हणजे बिजागरीपासून लॉकपर्यंत सुमारे एक मीटरचे अंतर. बिजागरीची दहा सेंटिमीटरची पट्टी बसताना एका टोकाला अर्धा मिलिमीटर जरी उचलली गेली, तरी पुढे लॉकपाशी तो फरक पाच मिलिमीटर होतो. शिवाय पत्रा डायमधून निघाला की थोडा मागे उसळतो, वेल्डिंगच्या उष्णतेने बॉडी ओढली जाते, रंगाचा थर चढतो, रबर कधी कडक तर कधी मऊ येते. प्रत्येक भाग आपापल्या मापात पास होतो आणि शेवटी कडी लॉकच्या तोंडासमोर येतच नाही.

हिशेब मांडून पाहू. कडी आणि लॉक यांच्या मध्ये आठ मापे येतात आणि प्रत्येकाला अर्धा मिलिमीटर अधिक-उणे सूट आहे, असे धरा. आठही एकाच बाजूला चुकली तर फरक चार मिलिमीटर. पण बाजारात सगळे एकदम खोटे निघत नाहीत, तसे आठही भाग एकाच बाजूला क्वचितच जातात. कोणी इकडे, कोणी तिकडे. म्हणून इंजिनिअर लोक वर्गाची बेरीज करून वर्गमूळ काढतात. त्या रीतीने फरक सुमारे १.४ मिलिमीटर येतो. चार धरून डिझाइन केले तर लॉक ढिले आणि खडखडणारे होईल. १.४ धरले तर माल स्वस्त पडतो, पण त्याला एक अट आहे. प्रत्येकाचे माप मधल्या आकड्याच्या आसपास असले पाहिजे. डाय घासली आणि पूर्ण लॉटच एका बाजूला सरकला, तर ही वर्गमुळाची बेरीज मोडते.

यावर दोन उपाय आहेत. एक, सगळ्यांची मापे आवळायची. अर्ध्याचे पाव करा, पावाचे दशांश करा. कागदावर हे फुकट होते. शेडमध्ये त्यासाठी नवी डाय, वारंवार तपासणी आणि दुप्पट रिजेक्शन लागते, आणि तो खर्च साखळीतल्या सर्वांत लहान माणसाच्या खिशातून जातो. दुसरा उपाय शिंप्याचा आहे. शिंपी शिलाईत माया सोडतो. कापड धुतल्यावर आटेल, माणूस दोन वर्षांत सुटेल, हे त्याला ठाऊक असते. नाडीचा पायजमा घ्या. कमरेचे माप दोन इंच चुकले तरी तो अंगावर नीट राहतो. बटणाच्या पॅन्टचे तसे नाही. पायजमा शिवणारा कमी कसबाचा नसतो. फरक कुठे पडणार आणि तो कुठे जिरवायचा, हे त्याने आधी ठरवलेले असते.

चांगल्या बॉनेट लॉकमध्येही अशीच माया ठेवलेली असते. लॉकचे तोंड कर्ण्यासारखे वर पसरट असते, त्यामुळे थोडी बाजूला आलेली कडी घसरत मधोमध येते. कडीची आडवी दांडी लांब ठेवली की त्या दिशेला काही मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी फिरकीला त्याचे सुखदुःख नसते. लॉक बसवायची भोके बोल्टापेक्षा मोठी किंवा लांबट असतात. बसवणारा बोल्ट आधी ढिले ठेवतो, बॉनेट हलके लावून लॉकला कडीसमोर येऊ देतो आणि मग आवळतो. येथे आमचे एक मत आहे. भोक ज्या दिशेने लांबट, त्याच दिशेने ओढ येणार असेल, तर सगळा भार बोल्टाच्या आवळणीवर राहतो. बॉनेटला वारा खालून वर उचलतो. म्हणून डावी-उजवी सूट भोकात द्यावी आणि उंचीची सूट कोपऱ्यांतल्या पेचाच्या रबरी ठोकळ्यांत. हे ठोकळे बॉनेटला सतत वर रेटतात, त्यामुळे जी काही ढिलाई असेल ती एकाच बाजूला निघून जाते आणि खडखड थांबते. ठोकळे फार वर घेतले तर बॉनेट आपटून लावावे लागते आणि पत्र्याला पोचे पडतात, हेही खरे.

पण माया सगळीकडे सोडता येत नाही. शिंपी खिशाच्या कोपऱ्यावर माया सोडून थांबत नाही, तिथे टाका घट्टच घालतो. लॉकमध्ये अशा दोन जागा आहेत. फिरकीच्या खाचेत दात किती खोल बसतो ती एक, आणि दुसरा आकडा ही दुसरी. चालत्या गाडीचे बॉनेट उघडून काचेवर आदळले, तर ड्रायव्हरला पुढचे काही दिसत नाही. म्हणूनच अमेरिकेने ११३ क्रमांकाच्या सुरक्षा नियमाने १९६९ पासून असे बंधन घातले की, जे बॉनेट पुढून उघडते आणि उघडल्यावर ड्रायव्हरची नजर अडवते, त्याला दुसरी पकड असलीच पाहिजे.

नियम असूनही मोठमोठे कारखाने येथे ठेचाळले आहेत. निसानच्या आल्टिमा मोटारी याच दुसऱ्या आकड्यासाठी २०१४ मध्ये आणि त्यानंतर पुन्हा परत बोलवाव्या लागल्या. भाग एकमेकांना घासत होते, त्यात घाण आणि गंज जमला की आकडा उघड्या स्थितीतच चिकटून बसे. नव्या गाडीत सगळे ठीक, चार पावसाळ्यांनी नाही. टेस्लाने डिसेंबर २०२१ मध्ये एक लाखाहून अधिक मॉडेल एस गाड्या बोलावल्या. तेथे पुढच्या झाकणाचे लॉक सरकून बसलेले असू शकत होते आणि त्यामुळे दुसरी पकड लागत नसे. भोकातली सूट बसवणाऱ्याच्या सोयीसाठी असते, पण त्या सुटीच्या अगदी टोकाला लॉक गेले तर आकडा तरीही लागतो की नाही, हे ड्रॉइंगच्या टेबलावरच तपासायला हवे. तेथे न तपासलेल्या गोष्टीचा जाब खालच्या कारागिराला विचारण्यात काय अर्थ?

जपानचे गेनिची तागुची यांचे नाव या विषयात मोठे आहे. १९२४ साली तोकामाची या कापडाच्या गावात त्यांचा जन्म झाला आणि घरच्या किमोनोच्या धंद्यात जायचे म्हणून ते आधी वस्त्रोद्योगच शिकले होते. म्हणजे आपल्याच बिरादरीचा माणूस! १९५३ मध्ये जपानच्या इना टाइल कंपनीत फरश्या भट्टीतून लहानमोठ्या निघत होत्या, कारण रचलेल्या थप्पीच्या बाहेरच्या आणि आतल्या फरशीला उष्णता सारखी लागत नव्हती. भट्टी बदलणे महाग होते. मातीच्या मिश्रणात चुन्याचे प्रमाण एक टक्क्यावरून पाच टक्क्यांवर नेल्यावर त्याच भट्टीत फरश्यांच्या मापांतला फरक पुष्कळ कमी झाला. भट्टी तशीच राहिली आणि भट्टीवाल्याला कोणी शिव्याही दिल्या नाहीत. तागुचींच्या नावाने पुढे जी पद्धत जगभर गेली, तिचे हे गाजलेले उदाहरण आहे.

आता आपल्या शेडकडे या. आमचा एक भाचा पत्र्याच्या ब्रॅकेट करतो. मागे एका कंपनीने (नाव घेत नाही) त्याचा पूर्ण लॉट परत पाठवला. भोकाच्या जागेला दशांश मिलिमीटर सूट होती आणि फरक पाव मिलिमीटर निघाला. महिन्याची मजुरी अडकली. त्याने हुशारी अशी केली की, तुकडा घेऊन तो थेट असेंब्लीवर गेला. तेथे त्या भोकासमोर येणारे भोक लांबट होते, चार मिलिमीटर सुटीचे! बोल्ट आरामात जात होता. मग हा दशांश कशासाठी? उत्तर मिळाले की, जुन्या भागाच्या ड्रॉइंगवरून तो आकडा तसाच उतरला आहे. शेवटी माल घेतला गेला, पण दर कापून. ड्रॉइंगवर दशांश अजून तसाच आहे.

म्हणून जॉब घेण्याआधी विचारा की हे माप कशासाठी आहे, समोर काय बसते, आणि जोडीचा तुकडा पाहायला मिळेल का. पाच मापांपैकी कोणती दोन खरोखर जीवाची आहेत, हे खरेदी विभागाकडून नव्हे, इंजिनिअरकडून समजून घ्या. विचारणाऱ्याला काम मिळत नाही, ही भीती आम्हाला ठाऊक आहे. अनुभव असा की, चांगला इंजिनिअर अशा माणसाला लक्षात ठेवतो.

एक कायद्याची गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु कारखानदारासाठी २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात तरतूद आहे की, माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर पैशाची मुदत मोजण्यासाठी माल मिळाल्याचा दिवसच स्वीकाराचा दिवस मानला जातो. करारात काहीही लिहिले तरी ही मुदत पंचेचाळीस दिवसांपलीकडे जात नाही. तेव्हा रिजेक्शन फोनवर ऐकून घेऊ नका. कोणते माप, किती फरक, हे कागदावर मागा.

आणि आपल्याकडची बाजूही ऐकावी लागेल. डाय घासली आहे हे प्रेसवरच्या पोराला कंपनीच्या आधी कळते. भोकाची कड फाटू लागते, आवाज बदलतो. तरी 'चालून जाईल' म्हणून लॉट काढला जातो. वर सांगितलेली वर्गमुळाची बेरीज नेमकी येथेच मोडते आणि मग समोरच्याने ठेवलेली मायाही पुरत नाही. दर शंभर तुकड्यांमागे पाच मोजून आकडा वहीत लिहायला एक व्हर्नियर आणि दहा मिनिटे लागतात. 'पास' अशी खूण पुरेशी नाही, आकडाच लिहावा, म्हणजे माप कुठल्या बाजूला सरकते आहे ते दिसते. अशी तीन महिन्यांची वही घेऊन भाचा आता त्याच कंपनीत ड्रॉइंगवरचा दशांश बदलून मागायला जाणार आहे. वहीत भोकाचे माप कधीही तीन दशांशापलीकडे गेलेले नाही, आणि समोरच्या भोकाची सूट चार मिलिमीटरची आहे.