दचकण्याचा हिशेब

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. तुम्ही गॅलरीत आकाशकंदील नीट करीत आहात आणि खाली कुणा वात्रट पोराने सुतळी बाँब लावला. छातीत कसे धस्स होते! मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली एक ग्रंथी त्या क्षणी रक्तात अॅड्रिनॅलिन ओतते. तिच्यातल्या क्रोमॅफिन पेशी म्हणजे मज्जापेशींच्या चुलत बहिणीच. गर्भात दोघींचे मूळ एकच.

अॅड्रिनॅलिन सोडण्याचा हुकूम या पेशींना देते कॅल्शियम. पेशीबाहेर ते आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. पेशीची दारे क्षणभर उघडली, की ते आत घुसते. पण गंमत अशी, की आत आलेले सारेच कॅल्शियम हुकूम बजावायला मोकळे नसते.

दिवाळीचा बोनस आठवा. वडील पैसे घेऊन आले, की आजी पुढे होते आणि डबा उघडते. ७६ रुपये आले, तर ७५ डब्यात आणि एक पोरांच्या हातात! पेशीतली ही आजी म्हणजे कॅल्शियम धरून ठेवणारी प्रथिने. एर्विन नेहर आणि जॉर्ज ऑगस्टीन यांनी १९९२ साली गुरांच्या क्रोमॅफिन पेशींत हे प्रमाण मोजले, ते जवळजवळ असेच निघाले. मोजण्यासाठी वापरलेला रंगही कॅल्शियम धरतो. रंग वाढवला, की कॅल्शियमची लाट आणखी बुटकी होते. त्या फरकावरूनच त्यांनी हिशेब काढला.

आजी पैसे खात नाही. लागतील तसे काढून देते. ही प्रथिनेही लाटेची उंची कमी करतात, धरलेले कॅल्शियम सावकाश सोडतात आणि मग पेशीचे पंप ते बाहेर टाकतात.

आणि आजी नसेल तर? लहान मेंदूतल्या पुर्किन्ये पेशींत कॅल्बिंडिन नावाचे असेच एक प्रथिन भरपूर असते. ते मुळीच नसलेल्या उंदरांवरचे प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्या पेशी दिसायला ठाकठीक होत्या. पण त्यांच्यात कॅल्शियमची लाट फाजील उंच उसळे, आणि तोल सांभाळण्याच्या परीक्षेत ते उंदीर अडखळत.

तेव्हा वाचकहो, घरात किती आले याइतकेच ते कुणी आणि किती वेळ धरून ठेवले, यालाही महत्त्व आहे. यंदा आजीने डबा बंद केला, तर कुरकुर करू नका. घराचा तोल तिच्याच हाती आहे.