पुढें ढकलणें कीं सोडून देणें?

मुलींनीं शिकावें कीं न शिकावें, हा वाद आपल्या घरांतून केव्हांच मिटला आहे. आतां जो प्रश्न उभा राहतो तो अधिक नाजूक आहे. कारण त्यांत दोन्ही पक्ष मायेचेच असतात. मुलीच्या हातीं पदवी आलेली असते, पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेशहि मिळालेला असतो, आणि नेमकें त्याच वेळीं घरांत असें कांहीं घडतें कीं वडील माणसें हळूच म्हणतात, "यंदा राहूं दे, पुढच्या वर्षीं जा." ह्या एका वाक्याचा अर्थ प्रत्येक घरानें नीट पारखून घ्यावा, म्हणून या महिन्याचा हा विषय.

कल्पनेनें धाराशिव शहरांतील एक घर डोळ्यांसमोर आणूं. आजी-आजोबा, दोघे मुलगे, दोन सुना आणि नातवंडें. थोरल्या नातीनें मुंबईस राहून वाचा व श्रवण चिकित्सेची चार वर्षांची पदवी घेतली. म्हैसूर येथें त्याच विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठीं तिची निवड झाली. निघण्यास महिना उरला असतां आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि त्याहून कठीण म्हणजे शब्द गेले. समोरच्या तांब्यांत पाणी आहे हें त्यांना कळतें, पण "पाणी" हा शब्द ओठांवर येत नाहीं. सारें घर नातीकडे पाहूं लागतें. जी हेंच शिकून आली, ती आतां घर सोडून कशी जाईल?

प्रथम ह्या शास्त्राविषयीं दोन शब्द. बोबडे बोल सुधारणें एवढेंच ह्याचें काम, अशी पुष्कळांची समजूत आहे. जन्मतः कमी ऐकूं येणारें मूल, टाळू दुभंगलेलें बालक, अडखळत बोलणारा विद्यार्थी, मेंदूच्या आघातानें भाषा हरवलेला वृद्ध, ज्याला घांस गिळतां येत नाहीं असा रुग्ण, हीं सर्व ह्या विद्येच्या कक्षेंत येतात. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ सालीं व वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ सालीं स्थापन झाली. १९९२ च्या कायद्यानें भारतीय पुनर्वास परिषदेकडे ह्या व्यवसायाची नोंदणी आली, आणि त्या नोंदणीस आपल्या देशांत पदवी पुरेशी ठरत आली आहे. म्हणजे पदवीधर मुलगी आजहि काम करूं शकते. पदव्युत्तर शिक्षण लागतें तें अध्यापनासाठीं, संशोधनासाठीं, गुंतागुंतीच्या रुग्णांसाठीं. आणि अमेरिकेंत जाऊन व्यवसाय करावयाचा तर तेथें तें पहिल्याच पायरीला लागतें. हा भेद ध्यानीं घेतला कीं अर्धी घालमेल ओसरते.

आतां निर्णयाकडे वळूं. घरानें स्वतःला तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न : थांबण्याच्या कारणाला शेवट आहे काय? आजारपण, बाळंतपण, पैशांची तात्पुरती चणचण, ह्या कारणांना शेवट असतो. "लोक काय म्हणतील", "स्थळें कशीं येतील", ह्यांना तो नसतो. तीं कारणें पुढच्या वर्षींहि तितकींच ताजीं असतात. आजोबांचें कारण पहिल्या प्रकारचें आहे. अशा आजारांत भाषेची सुधारणा पहिल्या कांहीं महिन्यांत सर्वांत वेगानें होते, हें खरें. पण त्यासाठीं नातच चोवीस तास उशाशीं हवी असें नाहीं. एका वेळीं एकानेंच बोलावें, वाक्यें लहान असावींत, उत्तरासाठीं धीरानें थांबावें, "होय-नाहीं"नें भागेल असे प्रश्न विचारावे, त्यांच्या तोंडचा शब्द आपण हिसकावून घेऊं नये, चारचौघांत चूक दाखवूं नये. हें सर्व घरच्या माणसांना शिकवितां येतें. पुष्कळदां असें दिसतें कीं ज्याला पाणी मागतां येत नाहीं, त्याला लहानपणापासून पाठ असलेला हरिपाठ किंवा वारांचीं नांवें म्हणतां येतात. तेथूनहि उपचाराला वाट मिळते. भरलेल्या घरांत बोलणारीं माणसें विपुल, ही एकत्र कुटुंबाची मोठीच मिळकत आहे.

दुसरा प्रश्न : जागा खरोखर राखली जाणार आहे काय? परदेशांतील कांहीं विद्यापीठें लेखी विनंतीवरून एक वर्ष जागा राखतात, कांहीं पुन्हां अर्ज करावयास लावतात; शिष्यवृत्ति मात्र जागेबरोबर पुढें सरकेलच असें नाहीं. आपल्याकडे प्रवेश बहुधा दरवर्षींच्या परीक्षेवर वा गुणांवर ठरतो, आणि रिकामी राहिलेली जागा यादींतील पुढच्या विद्यार्थ्याकडे जाते. तेव्हां आपण ज्याला "पुढें ढकलणें" म्हणतों तें येथें पुष्कळदां सोडून देऊन पुन्हां मागणेंच असतें. म्हणून तोंडी आश्वासनावर विसंबूं नये. संस्थेला लेखी विचारावें व उत्तर जपून ठेवावें. शुल्काचाहि विचार वेळेवर करावा. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं जें कोष्टक घालून दिलें, त्याप्रमाणें प्रवेशाच्या अंतिम तारखेस १५ दिवस वा अधिक अवधि असतां माघार घेतल्यास, किरकोळ वजावट सोडून, पूर्ण शुल्क परत मिळावयाचें. ती तारीख उलटून ३० दिवस गेल्यावर कांहींच नाहीं.

तिसरा प्रश्न : थांबलेलें वर्ष कशांत जाणार? स्वयंपाकघरांत व पाहुण्यांच्या सरबराईंत गेलें तर त्याला विश्रांति म्हणतां येईल, तयारी नव्हे. परंतु तें कामांत गेलें तर त्याचें सोनें होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं सुरू झाला. त्याच्या जिल्हा केंद्रांच्या योजनेंत ह्या विद्येच्या जाणकाराची जागा आहे. धाराशिवांत २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या कान-नाक-घसा विभागालाहि असें माणूस लागणारच. शिवाय भाषेचा मुद्दा आहे. शास्त्र इंग्रजींतून शिकलें तरी मूल बोलावयाचें असतें तें आईच्या बोलींत. मराठींतल्या "च"चे दोन उच्चार, इंग्रजीला ठाऊक नसलेला "ळ", उमरगा-नळदुर्गाकडे कानांवर पडणारी कानडी, १९४८ पर्यंतच्या निजामी अंमलानें रुजविलेली उर्दू, तांड्यावरची बंजारा बोली, हें सर्व कोणत्याहि परक्या पुस्तकांत मिळत नाहीं. ज्या मुलीनें हा जिल्हा ऐकला आहे, तिला पुढच्या अभ्यासांत तो उपयोगीं पडेल.

येथें दोन नांवें आठवतात. आनंदीबाई जोशी प्रकृति नाजूक असतां १८८३ सालीं समुद्रापार गेल्या, १८८६ सालीं डॉक्टर झाल्या आणि १८८७ सालीं बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच निवर्तल्या. रखमाबाईंचीं १८८४ ते १८८८ हीं वर्षें कोर्टकज्जांत गेलीं. त्या १८८९ सालीं लंडनच्या वैद्यकीय शाळेंत दाखल झाल्या, १८९४ सालीं परीक्षा पूर्ण केली आणि पुढें सुरत व राजकोट येथें कित्येक दशकें रुग्णसेवा केली. आनंदीबाईंच्या धैर्याला ह्यानें उणेपणा येत नाहीं. पण उशीर म्हणजे नाश नव्हे, एवढें रखमाबाईंचें चरित्र निश्चित सांगतें. मात्र त्या उशिरांतहि जावयाचें कोठें, हें त्या विसरल्या नव्हत्या.

आणि सोडून देणें? त्यांतहि कमीपणा नाहीं. मुलीला ह्या विषयाची ओढच उरली नसेल, पदवीवर काम करण्यांतच तिला समाधान असेल, किंवा कर्जाचा बोजा मिळकतीच्या मानानें भारी असेल, तर तिनें स्वच्छ नकार कळवावा. ती जागा दुसऱ्या कोणाच्या उपयोगीं पडेल. बँकांच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते सामान्यतः शिक्षण संपल्यावर वर्षभरानें सुरू होतात, पण व्याज त्याची वाट पाहत नाहीं, हेंहि हिशेबांत धरावें. दोष आहे तो तिसऱ्या मार्गांत : तोंडानें "पुढच्या वर्षीं" म्हणावयाचें आणि मनांत "आतां कशाला" असें ठरवावयाचें. त्यांत मुलीला नकारहि मिळत नाहीं आणि होकारहि नाहीं. ती नुसती वाट पाहत राहते.

मग त्या धाराशिवच्या घरानें काय करावें? आमच्या मतें नातीनें जावें. उशिरां हजर होण्याची कांहीं दिवसांची सवलत मिळते काय, तें प्रथम संस्थेला लेखी विचारावें. हातांत असलेल्या महिन्यांत काकूला व धाकट्या भावाला रोजचा सराव शिकवावा. आठवड्यांतून दोनदां दूरध्वनीच्या पडद्यावरून तो पाहावा. सोलापूर सुमारे ७० किलोमीटरवर आहे, तेथील जाणकाराचाहि सल्ला घ्यावा. मात्र आजोबांची प्रकृतीच अस्थिर असेल, किंवा घरांत दुसरें धडधाकट माणूस नसेल, तर तिनें खुशाल थांबावें. पण त्याच दिवशीं भिंतीवरच्या कॅलेंडरावर पुढच्या अर्जाची तारीख वडील माणसांनीं स्वतःच्या हातानें लिहावी, आणि मुलीच्या शुल्काचे पैसे वेगळे काढून ठेवावे.

तारीख लिहिली गेली कीं तें पुढें ढकलणें होय. न लिहिली तर तें सोडून देणें होय. घरांतील मुलीला ह्यांपैकीं आपण काय सांगत आहोंत, हें तिला कळलेंच पाहिजे.